मांडवीच्या मुखाशी

मांडवी नदीला पाहुण्यांची सवय फार जुनी. लिस्बनहून नेमून येणारे व्हाइसरॉय याच नदीने वर चढत, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरत आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या कमानीखालून वाजतगाजत शहरात प्रवेश करीत. शहराच्या किल्ल्या तेथेच त्यांच्या स्वाधीन केल्या जात. पुढे ते शहर रोगराईने ओस पडले, राजधानी पणजीला आली आणि १९६१ साली सत्ताच संपली. कमान मात्र जागच्या जागी आहे. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीकडे जाणारा रस्ता आजही तिच्याखालूनच जातो, आणि सकाळच्या घाईत मान वर करून तिच्याकडे पाहणारा मनुष्य विरळा. या दिवाडीच्या रस्त्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून तो येथेच सांगून ठेवतो.

आमच्या लहानपणी या नदीवरचा खरा समारंभ म्हणजे मुंबईहून येणारी आगबोट. तिला ना तोफांची सलामी, ना बँड. पण तिचा भोंगा ऐकू आला की अर्धी पणजी धक्क्यावर लोटे. कुणाची माहेरवाशीण येत असे, कुणाचा गिरणीत नोकरीला असलेला भाऊ, आणि ज्याचे कुणीच येणारे नसे तोही उगीच जाऊन उभा राही. पावसाळा आला की फेरी बंद, आणि नदी चार महिने मुकी. ही नित्याची फेरी पुढे कायमचीच थांबली. तेव्हापासून मांडवीवर कुणाच्या आगमनाची वाट पाहण्याचा प्रसंग आम्हां नदीकाठच्या लोकांवर क्वचितच येतो. म्हणूनच २१ मे २०१८ चा सोमवार माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

त्या दिवशी भारतीय नौदलाची शिडाची नौका 'तारिणी' पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परत येणार होती. १० सप्टेंबर २०१७ रोजी वेरें येथील 'आय.एन.एस. मांडवी' या नौदल तळावरून तिला निरोप देण्यात आला होता, आणि स्वागतही तेथेच व्हायचे होते. निरोप देणाऱ्या तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन याच स्वागताला येणार होत्या. नौकेवर सहा जणी होत्या, आणि सहाही जणी नौदलाच्या अधिकारी. नाविक पुरुष एकही नव्हता. केवळ स्त्रियांनी चालविलेल्या भारतीय नौकेने पृथ्वीला वेढा घातल्याचा हा पहिलाच प्रसंग.

शिक्षकाचा पिंड असल्यामुळे मला या प्रवासातील आकड्यांचे कौतुक अधिक वाटते. ते वाचकांनी थोडे सहन करावे. नौकेने २१,६०० सागरी मैल अंतर काटले असे वृत्तपत्रांत छापून आले, आणि बहुतेकांनी तो एक मोठा आकडा म्हणून वाचून सोडून दिला. वास्तविक तो आकडा कुणी मोजून काढण्यापूर्वीच ठरलेला आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाच्या ६० कला. गुणाकार करा, २१,६०० येतात. पृथ्वीच्या परिघावरील एका कलेइतके अंतर म्हणजेच एक सागरी मैल, आपल्या हिशेबाने १,८५२ मीटर. म्हणजे शिडाच्या नौकेने प्रदक्षिणा केली असे म्हणवून घ्यायचे, तर निदान पृथ्वीच्या कमरपट्ट्याइतकी वाट तुडविली पाहिजे. शिवाय सर्व रेखांश ओलांडले पाहिजेत, विषुववृत्त ओलांडले पाहिजे, आणि सुएझ वा पनामा यांसारख्या कालव्यांच्या आडवाटेने जाता कामा नये. निघालेल्या बंदरातच परत आले पाहिजे, हे तर ओघानेच आले. आपल्या देवळांतल्या प्रदक्षिणेचाही नियम याहून फारसा निराळा नाही.

दुसरी गंमत दिवसांची. हा प्रवास २५४ दिवसांचा, त्यांपैकी १९९ दिवस प्रत्यक्ष समुद्रावरचे. पण नौका सतत पूर्वेकडे जात होती. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, तेथून पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नचा वळसा, मग फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली, पुढे केप टाउन आणि अखेरीस मॉरिशस. उगवत्या सूर्याला सामोरे जात पृथ्वी पालथी घालणाऱ्याला घरी बसलेल्या माणसापेक्षा एक सूर्योदय जास्त पाहावयास मिळतो. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एकच तारीख दोनदा येते. पाचवीच्या मुलांना मी हे फळ्यावर चेंडू काढून कितीदा तरी शिकविले असेल, आणि मुलांनी प्रत्येक वेळी ते माझ्या आदरापोटीच मान्य केले असेल. तो एक सूर्योदय खरोखर पदरात पाडून आलेली माणसे आता आमच्या नदीत शिरणार होती.

नौका होती मात्र आमचीच. या नदीत, दिवाडी बेटावरील 'ॲक्वेरियस' नावाच्या कारखान्यात तिची बांधणी झाली. रत्नाकर दांडेकर हे तिचे बांधणारे. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिच्या आधीची थोरली बहीण 'म्हादेई' हीसुद्धा २००९ साली येथूनच बाहेर पडली. त्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने, वाटेत मुक्काम करीत, पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पुरी केली. बेळगाव-खानापूरकडील वाचकांना सांगायला नको की, म्हादेई हे मांडवीचेच माहेरचे नाव. खानापूरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी सत्तरीतून खाली येता येता मांडवी होते. सत्तरीत काही गावी नौकेवर आरूढ झालेल्या देवीची पाषाणशिल्पे आहेत. डोंगरातल्या लोकांनी देवीला नावेत का बसविले असावे, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

'तारिणी' हे नाव ओडिशातील गंजाम जिल्ह्यातल्या तारा-तारिणी या देवीवरून घेतलेले. दर्यावर्दी व्यापारी तिला फार मानीत. संस्कृतात तारिणी म्हणजे तारणारी, आणि तारिणी म्हणजे नावही. आपल्या 'तारू' शब्दाचे मूळ त्याच धातूत आहे. जी तारते तीच नाव, असा सरळ हिशेब आपल्या पूर्वजांनी मांडला होता. बुडणाऱ्या नावेसाठी वेगळा शब्द करण्याचे त्यांनी टाळले असावे.

आता त्या सहा जणींविषयी. नायिका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलातील कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, एस. विजया देवी मणिपूरच्या, बी. ऐश्वर्या हैदराबादच्या. समुद्रकाठी वाढलेल्या अशा एकट्या पी. स्वाती, त्या विशाखापट्टणमच्या. दिलीप दोंदे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी या विद्येचे धडे गिरविले ते गोव्यातच. एक गोष्ट वृत्तपत्रांतून फारशी कुणी लिहिली नाही, ती अशी की, त्या वेळी नौदलाच्या युद्धनौकांवर स्त्री अधिकाऱ्यांच्या नियमित नेमणुका होत नसत. १९९२ पासून स्त्रिया नौदलात अधिकारी होत्या, पण त्यांचे काम बहुतांशी किनाऱ्यावरचे. नौकांचा आराखडा तपासणारी, दळणवळण सांभाळणारी, शिक्षण देणारी स्त्री चालत असे. नौकेवर राहून समुद्रावर जाणारी नव्हे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण ज्या होडीतून आम्ही हा सोहळा पाहावयास गेलो तिच्यावरही तोच दंडक होता.

आम्ही चौघे मित्र. निवृत्त पोस्टमास्तर, म्हापशाचे एक वकील, माझे सहकारी गणिताचे शिक्षक आणि मी. तळावर प्रवेश निमंत्रितांनाच होता. मिरामारच्या वाळूवर उभे राहून दुर्बिणीने पाहावे, असा वकिलांचा प्रस्ताव होता. परंतु नदीवरचा पाहुणा नदीवरूनच पाहावा, या मताला पोस्टमास्तर अडून बसले, आणि वयाने वडील म्हणून त्यांचेच चालले. बेतीजवळच्या एका तांडेलाची मुलगी आमच्या शाळेतून शिकून पुढे गेली होती. त्याला विचारताच तो तयार झाला. डिझेलचे पैसे द्यायचे, बाकी काही नाही. मासेमारी बंद व्हायला जेमतेम दहा दिवस उरले होते, आणि दर्याची लक्षणे बरी दिसत नसल्याने त्याने होडी तशीही काठाला लावलेली होती. त्या दिवसांत अरबी समुद्रावर 'मेकुनू' वादळ आकार घेत होते. पुढे २५ मे रोजी ते ओमानमध्ये सलालापाशी जाऊन थडकले. आमच्याकडे वाऱ्याचा पत्ता नव्हता. पण दूरवरून येणाऱ्या लांब, संथ लाटा नदीच्या मुखापर्यंत पोचत होत्या.

ऐन वेळी मुलगीही येऊन काठावर उभी राहिली. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. सावळी, उंच, शाळेत असताना भूगोलात हटकून पहिली येणारी. तांडेलाच्या घरचा दंडक असा की, बाईमाणसाने जाळी विणावी, मासळी निवडावी, बाजारात नेऊन विकावी, हिशेब ठेवावा. होडीत पाय ठेवू नये. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हे. त्याच्या आजाच्या वेळेपासून चालत आला, एवढेच. तांडेलाने माझ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि म्हणाला, "आयज नुस्तें मारूंक वचना न्हू." आज मासे मारायला जायचे नाही, तेव्हा नियम लागू नाही. कायद्यातील अशी पळवाट वकिलांनाही इतक्या लवकर सुचली नसती. मुलगी उडी मारून आत आली आणि थेट नाळेवर जाऊन बसली.

बेतीहून खाली जाताना जुगाराच्या तरंगत्या वाड्यांमधून वाट काढावी लागते. त्यांच्याविषयी जितके कमी बोलावे तितके बरे. ते मागे पडले की नदी एकदम रुंद होते, आणि मुखाशी उजव्या हाताला आग्वाद, डाव्या हाताला काबोचे टोक असा दरवाजा उघडतो. त्या दरवाज्याच्या उंबरठ्यावर वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तो मुख जवळजवळ बंद करतो. अधिक ज्येष्ठाची षष्ठी-सप्तमी, म्हणजे भांगाचे पाणी. भरतीला जोर नव्हता. मिरामारच्या समोर, नौदलाच्या पहारा-नौकांनी बोट दाखवून ठरवून दिलेल्या हद्दीच्या बाहेर, तांडेलाने नांगर टाकला. आणखीही होड्या जमल्या होत्या. कुणी टोपलीतून कलिंगड आणले होते.

वाट पाहणे हा समारंभाचाच भाग. शिडाच्या नौकेचे आगमन मंत्र्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून आणणे, हे कुणाच्याही हातचे काम नाही. अभिलाष टॉमी २०१३ साली ३१ मार्चलाच मुंबईस येऊन पोचले होते. राष्ट्रपतींच्या उपस्थितीत त्यांचे रीतसर स्वागत झाले ते ६ एप्रिलला. वारा कुणाच्या दौऱ्याची कागदपत्रे पाहून वाहत नाही. या ताटकळण्याच्या वेळात पोस्टमास्तरांनी काबोच्या टोकाकडे हात करून आपल्या बालपणीची १८ डिसेंबर १९६१ ची हकीकत सांगितली. त्या दिवशी मुरगाव बंदरात 'अफोन्सो द आल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेवर आपल्या 'बेटवा' आणि 'बियास' या नौकांनी तोफा डागल्या, आणि जखमी झालेले ते जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला जाऊन रुतले. पोस्टमास्तर तेव्हा आठ वर्षांचे. घरच्यांनी त्यांना खाटेखाली बसविले होते, त्यामुळे त्यांनी पाहिले काहीच नाही. फक्त आवाज ऐकला. "माझ्या आयुष्यातली नाविक लढाई मी खाटेखालून लढलो," असे ते म्हणाले तेव्हा तांडेलसुद्धा हसला.

सर्वांत आधी मुलीला दिसले. आग्वादच्या टोकाबाहेर एक उभी रेघ, फळ्यावर खडूने मारावी तशी. ती रेघ हळूहळू मोठी होत गेली. तारिणीची डोलकाठी २५ मीटर उंच आहे. लांबी मात्र अवघी १७ मीटर. पुस्तकातला आकडा आणि डोळ्यांसमोरचा आकडा यांत फरक असतो. जवळ आल्यावर ती इतकी लहान दिसली की आमच्यापैकी कुणी काही बोलेना. आमच्या शाळेचे दोन वर्ग एकापुढे एक मांडले, तर त्यांत ती सहज मावेल. वकिलांना कदाचित विक्रांतसारखे काहीतरी अपेक्षित असावे. "हीच का?" असे त्यांनी दोनदा विचारले.

तांडेल मात्र निराळ्याच नजरेने पाहत होता. तो माणसांकडे बघतच नव्हता. नौकेची पाण्यातली बैठक, सुकाणूची बाजू, दोरखंडांचा ताण, पाण्याच्या रेषेवरचा रंग, हे सारे त्याचे डोळे वाचीत होते, जसा मी उत्तरपत्रिकेत आधी अक्षर पाहतो. मॉरिशसला ही नौका गेली ती ठरल्याप्रमाणे नव्हे; सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे तिला पोर्ट लुईस बंदर गाठावे लागले, हे मी त्याला सांगितले. तेव्हा त्याने प्रथमच मान हलविली. पॅसिफिकमध्ये ताशी साठ सागरी मैलांहून अधिक वेगाचा वारा आणि सात मीटर उंचीच्या लाटा, हे ऐकून तो फारसा हलला नव्हता. मोठ्या लाटा सगळेच सांगतात. पण भर समुद्रात सुकाणू दगा देते म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. "हें तारूं व्हड न्हय, पूण घट्ट आसा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने स्वतःशीच, "आनी चलोवपी लेगीत." चालविणारेही तसेच.

नौका आमच्यापासून दीडशे-दोनशे हातांवरून गेली. सहा आकृती दिसल्या. चेहरे ओळखण्याइतके अंतर नव्हते. पण उभे राहण्याची ढब दिसली. आम्ही चौघे त्या संथ लाटांवर काठ धरून बसलो होतो, आणि त्या जणू अंगणात उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या. हात मोकळे. लाट आली की गुडघ्यांत किंचित वाकत आणि पुन्हा सरळ होत, आणि हे त्यांचे त्यांनाही कळत नसावे. पाय समुद्राचे झाले होते. आमच्या आजूबाजूच्या होड्यांतून आरोळ्या उठल्या, कुणी वल्ह्याने होडीच्या काठावर ठोके दिले. सहांपैकी एकीने आमच्या दिशेने हात हलविला. तो कुणासाठी होता हे ठरविण्यात पुढे आमचा बराच वेळ गेला.

मग ती पुढे गेली. धक्क्याकडून बँडचे सूर पाण्यावरून तुटक तुटक येऊ लागले. मंत्री, नौदलप्रमुख, हारतुरे, भाषणे, कुटुंबीयांची गळाभेट, हे सर्व आम्हांस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहावयास मिळाले, आणि तेथे ते छानच दिसत होते. पाण्यावरून आम्हांला जे दिसले ते छायाचित्रांत कुठेच नव्हते. वर्तमानपत्रातली तारिणी समोरून, खालून घेतलेली, निशाणांनी सजलेली, भव्य होती. आम्ही पाहिलेली तारिणी लहान होती. केप हॉर्नच्या लाटांपुढे ती किती लहान दिसली असेल, याचा अंदाज धक्क्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यांना आला असेल असे मला वाटत नाही.

परतताना ओहोटी लागली होती, त्यामुळे वर चढायला वेळ लागला. मुलीचे प्रश्न सुरू झाले. पिण्याचे पाणी कुठून आणतात? समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र नौकेवर असते. रात्री कोण जागते? पाळ्या लावतात. स्वयंपाक कोण करते? त्याच्याही पाळ्या. गणिताच्या शिक्षकांनी शिडांचे वारे आणि कोन समजावून देण्याचा यत्न केला. पण वारा समोरून असता शीड कसे धरावे हे तिला त्यांच्यापेक्षा अधिक कळत होते. इतक्या वर्षांत होडीत पाय न ठेवता हे ज्ञान तिच्याकडे कुठून आले, हा प्रश्न मला तेव्हा पडला. काठावर बसून जाळी विणणाऱ्यांचे डोळे समुद्रावरच असतात, हेच त्याचे उत्तर. शेवटी तिने बापाला विचारले, "त्यांच्या बापांनी त्यांना जाऊ कसे दिले?" तांडेल यंत्राच्या आवाजात ते ऐकू न आल्यासारखे करून बसला. आम्हीही कुणी मध्ये पडलो नाही. बापलेकींच्या बोलण्यात शाळामास्तराने केव्हा पडावे आणि केव्हा पडू नये, याचे काही पाठ बी.एड.ला नव्हते.

ती नौदलात गेली, असे लिहावयास मला आवडले असते. तसे झाले नाही. दहावीला चांगले गुण पडले, बारावी वाणिज्य शाखेतून झाली, म्हापशाला एका हिशेबनिसाच्या कचेरीत ती नोकरीला लागली. मग २०२० ची टाळेबंदी आली. गोव्याच्या होड्यांवर काम करणारे कितीतरी गडी परप्रांतांतले. ते आपापल्या गावी निघून गेले. कचेरीही काही महिने बंदच होती. पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू झाली तेव्हा तांडेलाच्या होडीवर दुसरा हात नव्हता. एकट्याने जाळे टाकता येते, पण ओढता येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर एका पहाटे ती बापाबरोबर निघाली. दंडक मोडला असे त्या घरात कुणी म्हणाले नाही, आणि तो होता असेही आता कुणी म्हणत नाही. मला हे कळले तेही फार उशिरा, मासळी घ्यायला काठावर गेलो असता. नाळेवर ती उभी होती, पायांची ढब मी कुठेतरी पाहिली होती.

नौदलाचाही दंडक त्याच सुमारास सैल झाला. २०२१ पासून युद्धनौकांवर स्त्री अधिकाऱ्यांच्या नेमणुका पुन्हा होऊ लागल्या. तारिणी त्यानंतरही स्वस्थ बसली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ती पुन्हा प्रदक्षिणेला निघाली. या खेपेला नौकेवर दोघीच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. २९ मे २०२५ रोजी त्या परत आल्या. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते स्वागत झाले ते मुरगाव बंदरात. त्या वर्षी मोसमी पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला होता, आणि लहान होड्या केव्हाच वर ओढून झावळ्यांच्या झापांखाली गेल्या होत्या. नदीवरून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टमास्तरही आता राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन मी तांडेलाकडे गेलो. ओट्यावर पावसाची झड येत होती. तो आतल्या बाजूला जाळे पसरून बसला होता, मुलगी सुटीची म्हणून त्याच्या समोर दुसऱ्या टोकाला. त्याने चष्मा लावून छायाचित्र पाहिले, बोटाने माणसे मोजली, आणि माझ्याकडे वर पाहिले.

"दोगीच? मागीर न्हिदल्यो केन्ना?"

दोघीच होत्या, तर मग झोपल्या केव्हा, असा त्याचा सवाल होता. मी काही सांगणार तेवढ्यात मुलीने जाळ्यातली गाठ दाताने तोडली, आणि मान वर न करताच म्हणाली, "आमी दोगांय न्हिदतात तशें."